दुपारचे फोन

३ नोव्हें., सोमवार
हरभऱ्याला पाणी सुरू झालं आणि विहिरीवरच्या मोटारी जळायला लागल्या. आज दुकानात तीन. लाईनीला दाब नाही, मोटर नुसती घरघरते, माणूस बटण दाबतच राहतो, मग धूर. धूर निघाला की माझ्याकडं.
दोन्हींचं जळकं कॉइल काढून झालं. अंगठ्याला चीर. खाचांत ठोकायच्या बांबूच्या कामट्या संपत आल्या.
गिऱ्हाईक आलं की एकच. "राजेश कवा येऊन राह्यला वापस?" होळीले, म्हणते मी. वायंडिंग माझं, फिटिंग रा.चं, लग्नापासून असंच चाललं. विहिरीत उतरायला आता माणूस नाही, म्हणून विचारतात.
रा.चा काल रविवारचा फोन आला नाही. आफ्रिकेत गेल्यापासून पहिल्यांदा. बोअरवर सोलरचे पंप बसवत गावोगाव फिरतात, रेंज नसेल.

५ नोव्हें.
रा.ना पाठवलेल्या मेसेजला अजून एकच टिक. आरूनं पप्पाला शाळेतला फोटो पाठवला, त्यालाही एकच.
मामी म्हणे, "माह्या पोराचा मोबाईल बिघडला असन. तू काऊन एवढी घाबरून राह्यली?" स्वतः मात्र देवळीतल्या घड्याळाकडं सारखं बघत होत्या.

७ नोव्हें., शुक्रवार
कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसातून बाईंचा फोन. "वंदनाताई, तुम्ही बसलेल्या आहात ना?" बसलेलीच होते, कॉइल भरत.
साईटवर बंदूकवाले आले. गाड्या जाळल्या. चौघांना घेऊन गेले. तिकडचे दोघं, ओडिशाचा प्रधान, आणि रा.
तिकडं सरकार आणि या टोळ्यांची लढाई चालू आहे हे माहीत होतं. "पण आपली साईट सुरक्षित पट्ट्यात होती हो," बाई म्हणाल्या. आवाज रडका झाला होता. मीच त्यांना म्हटलं, बरं, बरं.
फोन ठेवल्यावर कॉइल हातातच होतं. तारेचे किती आटे झाले ते विसरले. सगळं उलगडून पुन्हा पहिल्यापासून.

८ नोव्हें.
मामींना सांगितलं. ओरडल्या नाहीत. आधी विचारलं, "जेवाले देतीन का त्याले?"
मग पदर डोळ्याला लावून तशाच बसून राहिल्या. मी शेगडीवरचं दूध उतरवलं.
आरूला सांगितलं, पप्पाचा मोबाईल हरवला. सहावीतली पोर. तिनं माझ्याकडं असं बघितलं की

११ नोव्हें., मंगळवार
बुलढाण्याला कलेक्टर ऑफिसात जाऊन आले. मलकापूरहून माझा भाऊ संजूदादा आला होता, जिनिंगमध्ये सीझन असूनही. साहेबांनी बसवून ऐकून घेतलं, पाणी दिलं, आमच्यासमोरच दिल्लीला परराष्ट्र खात्यात फोन लावला. चांगला माणूस. दिल्लीहूनही आवाज चांगला. सगळे चांगले बोलतात आणि कोणाच्याच हातात काही नाही.
येताना बसमध्ये दादा म्हणाला, "पैसे मांगतीन पाय. मांगतेतच." मला वाटलं, मागू देत. मागितले म्हणजे सोडायचा विचार आहे.

१९ नोव्हें., बुधवार
फोन आला.
दुपारी दुकानात चार माणसं उभी. अनोळखी लांबलचक नंबर. उचलला. "नमस्ते मैडम, मोटर के बारे में पूछना था."
मला वाटलं खामगावचा कोणी व्यापारी. म्हटलं, बोलिए. "जनरेटर है. कॉइल जल गया. हमारे आने से पहले इन लोगों ने तार काट के फेंक दिया. टर्न कितने थे, मालूम नहीं."
तोपर्यंत कळलं. आवाज बसलेला, घशातून येणारा, पण कळलं. मी म्हटलं, "अहो...?"
तिकडं वाऱ्याचा आवाज. मग, "मैडम, हिंदी में बोलिए. सिर्फ हिंदी."
मागून कोणीतरी दुसरा बोलला. हिंदीतच, पण मोडकी. "काम का बात."
मग कामाचंच बोलले. रा.ना वायंडिंग येत नाही. माझ्या शेजारी बसून वर्षानुवर्षं बघितलं तेवढंच. मी विचारलं, खाचा किती, स्टेटर केवढा, फेकलेली तार सापडेल का. सापडली होती, थोडी. जाडी मोजायला काही नाही म्हणाले. मी म्हटलं, खिळ्याला दहा वेढे चिकटून घ्या, पट्टीनं रुंदी मोजा, दहानं भागा. मग आटे सांगितले. पेपर नसेल तर पुठ्ठा चालेल. कॉइल बसवताना हातोडी मारायची नाही. वार्निश नीट वाळू द्यायचं. रा. प्रत्येक गोष्टीला "जी मैडम."
शेवटी म्हणाले, "वहाँ सब ठीक, मैडम?"
"सब ठीक. सब लोग ठीक. स्कूल भी."
कट.
मोटर न्यायला आलेला गणपत म्हणे, "कोण होता व वयनी? लय शिकवलं त्याले." म्हटलं, होता एक.
मामींना कडेला घेऊन सांगितलं. त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांनी धरलं. "जित्ता हाय. जित्ता हाय ना?"

२१ नोव्हें.
पुन्हा दुपारी. "चल गया, मैडम."
एवढंच. मला इतका आनंद झाला की मी आरूला भजी करून घातली. भजी खाताना आठवलं, जनरेटर कोणाचा चालला.

२७ नोव्हें.
दिल्लीच्या साहेबांना सगळं सांगितलं होतं. आज त्यांचा सविस्तर फोन. कॉल रेकॉर्ड करा, जास्त वेळ बोलत ठेवा, जागा विचारू नका, नाव घेऊ नका, बायको आहात हे कळू देऊ नका. "आपके पति ने अक्ल से काम लिया है. जब तक काम के हैं, तब तक सुरक्षित हैं."
मी विचारलं, "और छोड़ेंगे कब?"
"प्रयास चल रहे हैं."

६ डिसें., शनिवार
सगळं गाव विहारात. मामी आणि आरू पांढरं नेसून गेल्या. मी घरीच, फोनजवळ. लग्नानंतर पहिल्यांदा गेले नाही.
आला. पाण्याचा पंप होता या वेळी, मी डोळे मिटून करते तसला. मागचा माणूस आज मोकळा बोलत होता. दुबईत गाडी चालवायचा, हिंदुस्थानी माणसांबरोबर एका खोलीत राहायचा, म्हणून हिंदी. मला म्हणतो, "मैडम, आप का शागिर्द अच्छा है." हसला. रा. पण हसले. घाबरलेला माणूस हसतो तसं.
पंप सुरू झाल्याचं कळवायला अर्ध्या तासानं परत फोन. "गाँव के कुएँ पे लगाया, मैडम. बच्चे लोग पानी भर रहे हैं." मागं खरंच पोरांचा कालवा. बादल्या आपटल्याचा आवाज. आपल्यासारखाच.
आज झोप लागेल असं वाटतं.

१५ डिसें., सोमवार
ओडिशाहून प्रधानचा फोन. सुटून घरी पोचला! कंपनीकडून माझा नंबर घेतला.
खूप रडला. मग बोलला. पकडल्यावर त्यांना एका ओळीत बसवलं. दुबईवाल्यानं विचारलं, कोणाला काय येतं. तिकडचे दोघं पंप उचलायला लावलेले मजूर. त्यांना बाजूला नेलं. पुढं काय झालं ते प्रधाननं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. रा. उठून म्हणाले, मोटर, जनरेटर, पंप, सगळं येतं मला. वायंडिंगसुद्धा. आणि हा प्रधान माझा हेल्पर, याच्याशिवाय मला जमत नाही.
प्रधान स्टोअरकीपर. पाना कसा धरतात तेही त्याला येत नाही.
तापानं पडून राहायला लागला तेव्हा त्यांनी त्याला एका रस्त्यावर सोडून दिला. "भाभी, मैं किसी काम का नहीं था, इसलिए छूट गया. राजेश भाई को नहीं छोड़ेंगे. वो लोग बोलते हैं, ऐसा आदमी कहाँ मिलेगा."
जनरेटर कशाला लागतो, विचारलं. म्हणाला, पहिला विहिरीवर होता. दुसरा मोठा आहे, वर्कशॉपला. वेल्डिंग चालतं तिथं. काय वेल्ड करतात?
"भाभी, मत पूछो."

१६ डिसें.
काम नाही केलं. दुकान उघडून बसले.
मी जितकं नीट शिकवते तितके ते त्यांना हवेहवेसे होतात. हे प्रधाननं सांगायच्या आधी मला दिसायला पाहिजे होतं.

१८ डिसें.
संजूदादा आला. मामींसमोरच बोलला. "चूक सांग. आटे कमी सांग. चारदा जळलं का समजतीन, याले काई येत नाई. प्रधानले सोडलं तसं सोडतीन."
मामी एकदम उठल्या. "अन् नाई सोडलं तं? त्या दोघायले बाजूले नेलं तसं नेलं तं?"
"मंग काय जिंदगीभर त्यायचे जनरेटर भरून द्याचे?"
"भरू दे. हात चालून राह्यले तवरोक पोट्टा हाय."
दोघंही माझ्याकडं बघायला लागले. जणू मला माहीत आहे.
दादा न जेवता गेला. माझ्यावर रागावला नाही. रागवायला त्याला कोणीच सापडत नाही.

२३ डिसें.
मोठ्या जनरेटरचं विचारलं. मी बरोबर सांगितलं. एक आकडा बदलायचा होता फक्त. तोंडापर्यंत आला होता. तेवढ्यात रा. खोकले, खूप वेळ खोकत राहिले, आणि मी बरोबर सांगून टाकला.

५ जाने., सोमवार
रा.च्या हाताखाली दोन माणसं दिली आहेत. शिकवायचंय त्यांना. "दोनों होशियार हैं, मैडम. जल्दी सीख जाएँगे." आवाजात आशा होती. मला समजलं काय म्हणायचंय. ते शिकले की रा.चं काम संपलं, मग सोडतील.
मी म्हटलं, "अच्छे से सिखाइए."
फोन ठेवल्यावर मनात आलं. काम संपलं म्हणजे काय काय होऊ शकतं.
हे मामींना सांगितलेलं नाही.

१४ जाने., बुधवार
संक्रांत. आरूच्या हातात तीळगूळ देत होते तेव्हा फोन. ती म्हणाली, "मी उचलू?" तिला सगळं ठाऊक आहे. कधीपासून, कोण जाणे. मी तिला आत पाठवलं.
आज रा. सरळ बोलत नव्हते. "मैडम, छोटी मोटर है. एकदम छोटी. दो उँगली जितनी. तार बाल जैसा."
"किस मशीन की?"
उत्तर दुबईवाल्यानं दिलं, "उड़ने वाला."
आपल्या गावातही आहे एक. बचत गटाच्या संगीताचं फवारणीचं ड्रोन. गेल्या साली त्याची मोटर जळाली तेव्हा माझ्याकडं घेऊन आली होती. मी परत पाठवलं होतं. ती कोणी भरत नाही, टाकून देतात आणि नवी लावतात. खरं तेच सांगितलं. "ये भरते नहीं. नया डालते हैं. हम लोग भी नहीं भरते."
"नया नहीं आता इधर. रास्ता बंद," दुबईवाला.
"मेरे को नहीं आता, भाई साहब. सच में नहीं आता."
मग काहीतरी आपटल्याचा आवाज. आणि रा.चा आवाज. शब्द नव्हता तो.
"फिर ये आदमी किस काम का?"
मी किंचाळले असणार, कारण मामी धावत आल्या. म्हटलं, "आता है! आता है! सीख के बताती हूँ. उसको कुछ मत करो. मैं सीखती हूँ."
"परसों."
शेवटी रा. बोलले, एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मराठीत. "वंदू, नको..."
कट.

१५ जाने.
संगीताकडं गेले. जळकी मोटर अजून तिच्या फडताळात होती. विचारलं नाही तिनं, काऊन पाहिजे. चहा पाजला.
दिवसभर त्या मोटरवर. भिंग लावून. खोलायला जमली. भरायलाही जमेल. ही माझी अडचण आहे, की जमेल.
दिल्लीला फोन. साहेब म्हणाले, मैं आपको ये करने को नहीं कह सकता. मी म्हटलं, मग नको करू असं सांगा. म्हणाले, वो भी नहीं कह सकता, बहन जी. पहिल्यांदाच बहन जी म्हणाले.
रा.चं ते "नको" म्हणजे काय नको? नको सांगू? नको रडू? मामींना विचारलं. त्या म्हणाल्या, "तो सोताच्या जिवाचं कवाच बोलत नाई. तू त्याचं नको आयकू."

१६ जाने.
सांगितलं.
सगळं सांगितलं, बरोबर सांगितलं. रा. मध्ये एकदाही "जी मैडम" म्हणाले नाहीत. दुबईवालाच "हाँ, हाँ, आगे" करत होता. रा. ऐकत आहेत की नाहीत तेही कळेना. मी विचारलं, "शागिर्द सुन रहा है ना?" तेव्हा हळू म्हणाले, "सुन रहा हूँ."


१७ जाने.
माटरगावचा एक म्हातारा मोटर घेऊन आला. पाण्यापायी हरभरा वाळून चालला म्हणाला. त्याची लगेच भरून दिली. हात तेच. कालचेच.

२८ जाने., बुधवार
आरूच्या मोबाईलवर मी रोज तिकडच्या बातम्या बघते. आज एक होती. आठवडी बाजार भरला होता, वरून काहीतरी पडलं. माणसं किती, ते पुढं वाचलं नाही. फोटो होता. टोपल्या उलट्या पडलेल्या, कांदे सांडलेले, एकीचं लाल लुगडं. तसं लुगडं नसतं त्यांच्यात, काय म्हणतात माहीत नाही. कापड.
कोणी पाडलं ते लिहिलेलं नाही. सरकारकडंही असली यंत्रं आहेत, तेही गावांवर टाकतात. असू शकतं. सरकारचंच असेल.
कोणाचं ते कधीच कळणार नाही. कोणाला विचारू?
मामींनी विचारलं, काय वाचून राह्यली. म्हटलं, भाव.

३० जाने.
दादाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "तुया जागी मी असतो तं मीबी सांगितलं असतं." आणि रडायला लागला. दादाला रडताना मी बाबांच्या मयतीतही बघितलं नव्हतं.
त्यानं बरं वाटायला पाहिजे होतं.

२ फेब्रु., सोमवार
फोन. साधा पंप. रा.चा आवाज थंड, सपाट. मी म्हटलं, "बाजार की खबर देखी." का बोलले कोण जाणे. दुबईवाला मागं नव्हता वाटतं, कारण रा. मराठीत बोलले, भराभर.
"मले माईत हाय. तू काई मनावर घेऊ नको. ते माह्या हातानं झालं, तुया नाई."
"तुमी कसे आहा? जेवता का?"
"आरूले सांग..."
मग पायांचा आवाज, आणि लगेच, "जी मैडम, तीन हॉर्सपावर. समझ गया."
आरूला काय सांगू, ते राहिलं. आरू दाराआड उभी होती. म्हणाली, "काय सांग म्हणे?" मी म्हटलं, अभ्यास कर म्हणे. ती म्हणाली, "खोटं." आणि मग येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवलं, लहानपणी ठेवायची तसं.

९ फेब्रु.
नाही.

१३ फेब्रु.
आजही फोन नाही. दुपारी दुकानात कोणी बोललं तरी राग येतो, फोनची रिंग ऐकू येणार नाही म्हणून.
गणपतला ओरडले. तो बिचारा मोटर ठेवून गुपचूप गेला. मग मीच त्याच्या घरी जाऊन "चुकलं भाऊ" म्हणाले. त्याची बायको म्हणे, "वयनी, साऱ्या गावाले माईत हाय. तुमी एकल्या काऊन झेलून राह्यल्या?" म्हणजे दुकानात उभे राहून हिंदी ऐकणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं. एकानंही कधी दाखवलं नाही.

१६ फेब्रु., सोमवार
दिल्ली. त्या भागात सरकारी फौज घुसली आहे. लढाई चालू. "हो सकता है जगह बदल रहे हों." हो सकता है. मी विचारलं, फौज रा.ना ओळखेल का? जनरेटर दुरुस्त करताना सापडले तर त्यांना कोण समजतील? साहेब म्हणाले, नाव आणि फोटो पोचवले आहेत.
फोटो लग्नातला दिला होता. त्यात ते जाड आहेत.

१९ फेब्रु.
मामी जेवत नाहीत. मी ताट वाढून समोर बसते, त्या मला म्हणतात तू जेव, मी म्हणते तुमी जेवा. मग आरू दोघींना भरवते. एक घास हिला, एक तिला. हसलो तिघी. हसताना मामींना ठसका लागला.

२२ फेब्रु., रविवार
दुपार. दुकान बंद, मी घरात. तोच लांबलचक नंबर.
"नमस्ते मैडम."
रा. नाहीत. दुबईवालाही नाही. तरुण आवाज, हिंदी फार थोडी, एकेक शब्द आठवून काढल्यासारखी. "मोटर. पानी मोटर. तार कौन सा?"
"आप कौन? राजेश किधर है?"
"मैं सीखा. राजेश सिखाया."
"हाँ, राजेश किधर है? उसको फोन दो."
"राजेश गया."
"कहाँ गया?"
"गया."
"घर गया? छोड़ दिया? कि..." पुढचा शब्द हिंदीतही येईना आणि मराठीतही.
त्याला कळलं नाही. किंवा कळलं. पुन्हा, अगदी अदबीनं, "मैडम, तार कौन सा? गाँव में पानी नहीं."
मी म्हटलं, "पहले राजेश. राजेश की आवाज सुनाओ. फिर बताती हूँ."
तो कोणाशी तरी त्यांच्या भाषेत बोलला. लांबवर गाडी चालू असल्याचा आवाज. मग म्हणाला, "कल."
कट.

२३ फेब्रु., सोमवार
दिल्लीला रात्रीच कळवलं होतं. सकाळी साहेबांचा फोन. "गया" याचा अर्थ काहीही होऊ शकतो, बहन जी. सीमेवर काही लोक सुटून आल्याचं कळतंय, नावं आलेली नाहीत. एका जागी काही मृतदेहही मिळालेत, तिथलीही नावं नाहीत. दोन्ही एकाच दमात सांगितलं त्यांनी.
मामींना मी फक्त पहिलं अर्धं सांगितलं. त्यांनी लगेच रा.ची उबदार चादर उन्हात टाकली.
दुकान उघडलं आहे. आरू शाळेत गेली नाही, जा म्हटलं तरी. समोर स्टुलावर बसली आहे. गणपत आणि आणखी दोघं आले आहेत, त्यांच्या मोटारी झालेल्या आहेत, तरी बसून आहेत.
त्या पोराला तार कोणती लागते ते मला माहीत आहे. तेवढंच माझ्याकडं आहे. धरून ठेवावं तर तिकडं विहिरीवर बादल्या घेऊन उभे असलेले लोक, आणि देऊन टाकावं तर मग रा.बद्दल विचारायला माझ्याजवळ काहीच
वाजतोय.